फ्यूजची तार : पिंपरी-चिंचवडमधील घरगुती वायरिंगचा इतिहास

हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यापासून (१९५४) नवनगर विकास प्राधिकरणाच्या स्थापनेपर्यंत (१९७२) पिंपरी-चिंचवड उद्योगनगरी म्हणून आकाराला येत असताना घरातील वायरिंगचेही स्वरूप पालटत होते. जुन्या पद्धतीत रबरी आवरणावर सुती वेष्टण असलेली तार लाकडी पट्टीवर किंवा केसिंग-कॅपिंगमध्ये, म्हणजे झाकण असलेल्या खोबणीच्या पट्टीत, बसवली जाई; वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होऊन तडकले, की उघडी तार आणि सुके लाकूड शेजारी-शेजारी येत. तिची जागा पीव्हीसी या प्लॅस्टिकच्या आवरणाने घेतली. मूळचे कराचीचे प्रल्हाद छाब्रिया यांनी बंधू किशन यांच्यासह १९५८ मध्ये पुण्यात सुरू केलेला केबलचा उद्योग, म्हणजे पुढील काळातील फिनोलेक्स केबल्स, पिंपरीतच वाढला, आणि त्याचे आरंभीचे उत्पादन घरांसाठी नव्हे, तर वाहनांसाठी होते, ही या नगरीच्या स्वभावाला साजेशीच गोष्ट होय.

मात्र सर्वसाधारण पीव्हीसी सुमारे ७० अंश सेल्सिअसपर्यंतच सुरक्षित राहते आणि तारेतील उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला, तर उष्णता चौपट होते. म्हणूनच चिनीमातीच्या फ्यूजमध्ये मुद्दाम बारीक तार घातली जाई, जेणेकरून भिंतीतील वायर तापण्याआधी ती वितळावी. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५व्या नियमाने वायरिंगचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडे सोपवले, पण दिवे, पंखे आणि फ्यूज बदलण्यास सूट दिली, अर्थात जोडणीची क्षमता बदलणार नाही या अटीवर. घरोघरी नेमकी हीच अट मोडली गेली. फ्यूज वारंवार उडू लागला, की वायरीचे दोन-तीन धागे पिळून त्यात बसवले जात. दिवा आणि पंख्यापुरत्या ओढलेल्या वायरीवर इस्त्री आणि गिझर चाले, आणि वितळण्याचे काम फ्यूजऐवजी भिंतीतील वायरीकडे येई. या दुरुस्तीला अडाणीपणा म्हणणे फारसे न्याय्य नाही, कारण रात्रपाळीहून परतलेल्या कामगाराला आधी पंखा हवा असे.

पुढे या चिनीमातीच्या, म्हणजेच ‘किटकॅट’ फ्यूजच्या जागी एमसीबी, म्हणजे प्रवाह वाढताच आपोआप बंद होणारा स्विच, आला. त्यात तार नसल्याने धागे पिळण्याचा प्रश्न उरला नाही. तथापि ढिल्या स्क्रूपाशी तापणारा सांधा प्रवाह वाढवत नसल्यामुळे एमसीबीला कळत नाही, आणि वायर तीच ठेवून १६ अँपिअरच्या जागी ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला, तर जुन्या फ्यूजचाच प्रकार नव्या पेटीत चालू राहतो.