पुनरावर्ती कालांतर

पुन:पुन्हा घडणाऱ्या घटनेची वेळ प्रत्येक खेपेस स्वतंत्रपणे न नोंदविता एका नियमाने सांगणे, यास पुनरावर्ती कालांतराचे निरूपण म्हणतात. संगणकाच्या आज्ञावलीत ही रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. पुढची खेप कशापासून मोजावयाची हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र संगणकाहून पुष्कळ जुना आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा येथे हा प्रश्न पाण्याच्या रूपाने भेटतो. पूर्णेची उपनदी नळगंगा हिच्यावरील धरण मोताळ्यानजीक आहे. कालव्यातून एका खेपेस सोडलेल्या पाण्यास महाराष्ट्रात ‘आवर्तन’ म्हणतात; संगणकशास्त्राला याहून समर्पक संज्ञा सुचली नसती. १५ ऑक्टोबरचा जलसाठा पाहून रब्बी हंगामात किती आवर्तने द्यावयाची हे ठरविले जाते. राज्यात रूढ असलेल्या शेजपाळी पद्धतीत शेतकरी पाणीअर्ज देतात व चारीच्या शेवटच्या टोकापासून मुखाकडे एकेक शेत भिजविले जाते. एकाचे भिजवणे संपले म्हणजे शेजाऱ्याची पाळी. त्यामुळे दोन पाळ्यांमधील अंतर मागणीनुसार कमीअधिक होते. याउलट पंजाब व हरियाणा येथील वारबंदीत सात दिवसांचे म्हणजे १६८ तासांचे चक्र निश्चित असून जमिनीच्या प्रमाणात प्रत्येकाची घटका ठरलेली असते. त्या घटकेला कालवा बंद असला, तर पाळी बुडते. ती भरून मिळत नाही. एका पद्धतीत अंतर मागील काम संपल्यापासून मोजले जाते, दुसऱ्या पद्धतीत घड्याळावरून.

संगणकाच्या आज्ञावलींतही हेच दोन प्रकार आढळतात. युनिक्स प्रणालीच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ‘क्रॉन’ ही आज्ञावली होती. मिनिट, तास, महिन्यातील दिवस, महिना व वार अशा पाच रकान्यांत नियम लिहावयाचा व घड्याळ त्याच्याशी जुळले की काम सुरू करावयाचे, अशी तिची साधी रचना होती. नेमक्या त्या वेळी यंत्र बंद असेल, तर मूळच्या क्रॉनमध्ये ती खेप वारबंदीप्रमाणेच बुडते. तिची खरी मर्यादा मात्र वेगळी आहे. क्रॉनला मागील खेप आठवत नाही. दर चौदा दिवसांनी काम व्हावे म्हणून दिवसाच्या रकान्यात चौदाची पायरी लिहिली, तर ते १, १५ व २९ तारखेस होते आणि पुढील महिन्याच्या १ तारखेस पुन्हा सुरू होते. चौदा दिवसांचे अंतर दोनतीन दिवसांवर येते. आठवडी बाजाराचा वार क्रॉनला सांगता येतो. एका आठवड्याआड भरणारा बाजार सांगता येत नाही.

जावा भाषेच्या २००० मधील १.३ आवृत्तीने वरील भेद उघडपणे मान्य केला. तिच्या कालमापक वर्गात ठरल्या वेळेस बांधलेली व मागील खेपेपासून मोजलेली अशा दोन स्वतंत्र पद्धती आहेत. पहिलीत उशीर झाल्यास राहिलेल्या खेपा लागोपाठ उरकल्या जातात. वारबंदीतील शेतकऱ्याच्या वाट्याला असे भाग्य येत नाही.

दिनदर्शिकेतील घटनांसाठी १९९८ मध्ये ‘आयकॅलेंडर’ हे मानक प्रसिद्ध झाले व २००९ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली. त्यात आरंभदिनांक, वारंवारता व किती एककांआड हे सांगता येते. शिवाय वगळावयाच्या व जादा तारखा वेगळ्या नोंदविता येतात. एका आठवड्याआडचा बाजार येथे सहज बसतो. आंतरराष्ट्रीय मानक ८६०१ मध्येही (२००४ ची आवृत्ती) खेपांची संख्या, आरंभ व कालावधी एकाच ओळीत लिहिण्याची सोय आहे. तरीही महिना हे एकक घोटाळ्याचे राहिले. दरमहा ३१ तारखेचा नियम लिहिल्यास ती तारीख नसलेले महिने आयकॅलेंडर गाळते. ज्या देशांत उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे करतात तेथे एखादा आठवडाही १६८ तासांचा राहत नाही. भारतीय प्रमाणवेळेत हा बदल नसल्याने आपल्याकडील आज्ञावलीकारांच्या तो सहसा ध्यानी येत नाही, आणि परदेशी ग्राहकाचे काम तासाने चुकते.

तिथीपुढे मात्र हे सर्व नियम थिटे पडतात. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा असून त्यात तीस तिथी असतात. त्यांची लांबी सु. २० ते २७ तासांपर्यंत बदलते. म्हणून तिथीचा क्षय वा वृद्धी होते, आणि सु. १९ वर्षांत सात अधिकमास धरावे लागतात. संकष्टी तर चंद्रोदयी चतुर्थी असलेल्या दिवशी पाळतात. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह १८९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथात तिथी व तारखा जुळविण्यासाठी कोष्टके दिली होती. नाखुम डेर्शोविट्झ व एडवर्ड राइनगोल्ड यांनी १९९७ च्या ग्रंथात हिंदू पंचांगाचे गणित संगणकाच्या रीतीने मांडले. म्हणजे तिथी संगणकाला काढता येते. परंतु ‘इतक्या दिवसांनी पुन्हा’ या साच्यात ती बसत नाही. २०१५ मध्ये आयकॅलेंडरला ग्रेगरीयेतर कालगणनांची जोड मिळाल्यावरही संकष्टी सामान्यतः वर्षभराच्या तारखांची यादी करूनच दिनदर्शिकेत भरली जाते, व पुढील वर्षी पंचांगावरून नवी यादी घ्यावी लागते.