चिपपेक्षा डबी महाग : प्रकाशाला घर देण्याचा इतिहास

१/१४
१९७९ साली पुण्यात स्थानिक टेलिफोन केंद्रांना जोडणारी भारतातील पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा कार्यान्वित झाली. तांब्याच्या तारेची जागा काचेने घेतली आणि विजेची जागा प्रकाशाने. या युगाचा इतिहास सांगताना लेसर आणि काचतंतू या दोन शोधांचा गौरव होतो. त्या दोहोंना एकत्र बांधणारी लहानशी डबी मात्र उपेक्षितच राहते. हा धागा तिच्याविषयी.

२/१४
प्रथम पार्श्वभूमी. पुरेशी शुद्ध काच मिळाल्यास प्रकाश दूरवर संदेश नेऊ शकेल, असे चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये मांडले. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने तशी काच ओढून दाखवली. त्याच वर्षी लेनिनग्राड येथे झोरेस अल्फेरॉव्ह यांचा गट आणि अमेरिकेत बेल लॅब्ज यांनी सामान्य तापमानात अखंड चालणारे अर्धवाहक लेसर सिद्ध केले.

३/१४
दिवा मिळाला, वाटही मिळाली. आता दिव्याचा उजेड वाटेवर नेमका पाडायचा होता. आरंभीच्या तंतूंचा प्रकाशवाही गाभा सुमारे ५० मायक्रॉनचा असे. १९८० च्या दशकात लांब पल्ल्यासाठी नवे तंतू आले. त्यांचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्याही कितीतरी कमी. लेसरमधून निघणारा प्रकाशठिपका त्याहूनही लहान. जोडणी एखाद्या मायक्रॉनने हुकली तरी बराच प्रकाश वाया जाई.

४/१४
यावर उपाय सापडला, पण तो वेळखाऊ होता. लेसर चालू ठेवायचा, तंतूचे टोक त्याच्यासमोर सूक्ष्म हालचालींनी सरकवायचे, दुसऱ्या टोकाला किती प्रकाश पोहोचतो ते मोजायचे आणि सर्वाधिक प्रकाश मिळताच ते टोक डाख देऊन, चिकटवून किंवा वितळजोडाने कायम करायचे. जोड थंड होताना किंचित आकसला, तरी केलेली जुळणी बिघडे. प्रत्येक नगासाठी हे सारे नव्याने करावे लागे.

५/१४
त्यातच लेसर हा नाजूक पाहुणा. तापमान एका अंशाने वाढले की त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.१ नॅनोमीटरने सरकते. दमट हवा त्याचे आयुष्य घटवते. म्हणून त्याला शीतक आणि तापमापकासह हवाबंद धातूच्या डबीत ठेवले जाऊ लागले. दोन्ही बाजूंना सात-सात पाय असलेल्या या डबीला तिच्या रूपावरून ‘बटरफ्लाय’, म्हणजे फुलपाखरू, हे नाव मिळाले.

६/१४
डबीसाठी कोणताही धातू चालत नाही. तापल्यावर काच थोडी प्रसरण पावते, सामान्य धातू पुष्कळ. मग सांधे तडकतात. याचे उत्तर लोहाच्या मिश्रधातूंत सापडले. १८९६ मध्ये शार्ल गियोम यांनी अत्यल्प प्रसरण पावणारे ‘इनवार’ शोधले. १९२० चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पुढे १९३० च्या दशकात वेस्टिंगहाउस कंपनीत ‘कोव्हार’ तयार झाले. त्यात २९ टक्के निकेल, १७ टक्के कोबाल्ट आणि उरलेले बहुतांश लोह. त्याचे प्रसरण काचेच्या प्रसरणाशी मिळतेजुळते. लेसरच्या अनेक डब्या याच कोव्हारच्या.

७/१४
लोह म्हटले की महाराष्ट्राला गडचिरोलीतील सूरजागड आठवते. एटापल्ली तालुक्यातील या टेकड्यांत उत्तम लोहखनिज आहे, माडिया समाजाची श्रद्धास्थाने आहेत आणि खाणीवरून झालेला दीर्घ संघर्षही आहे. खनिज जायचेच असेल तर त्यावरील प्रक्रिया तरी जिल्ह्यात व्हावी, ही तेथील जुनी मागणी. पुढे कोनसरी येथे प्रकल्प उभा राहिला. कच्चा माल कोणाचा आणि अखेरच्या टप्प्याचे मोल कोणाच्या पदरात, हाच प्रश्न प्रकाशाच्या डबीच्या इतिहासातही पुढे उभा राहतो.

८/१४
अनेक प्रकाशीय भाग एकाच चिपवर आणण्याची कल्पना बेल लॅब्जच्या स्टुअर्ट मिलर यांनी १९६९ मध्येच मांडली होती. तिला व्यापारी बळ मिळाले ते बरेचसे डबीच्या खर्चामुळे. दहा लेसरांना दहा डब्या आणि दहा जुळण्या. तेच दहा लेसर एका चिपवर असतील तर डबी एक. २००४ मध्ये इन्फिनेरा कंपनीने पन्नासहून अधिक घटक सामावणाऱ्या फोटॉनिक चिपा बाजारात आणल्या. सेकंदाला १०० गिगाबिट इतकी त्यांची क्षमता होती.

९/१४
दरम्यान २००० च्या सुमारास दूरसंचाराची तेजी आली आणि लगेच ओसरली. हाताने होणारी जुळणी पाश्चात्त्य कारखान्यांना परवडेना. ते काम आशियाकडे सरकले. थायलंडमधील फॅब्रिनेट ही कंपनी इतरांच्या प्रकाशीय उपकरणांची जोडणी करून वाढली. ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडमध्ये महापूर आला, तिचा एक कारखाना पाण्याखाली गेला आणि अमेरिका-युरोपातील कंपन्यांचा पुरवठा खोळंबला. चिप कोणाचीही असो, डबी बंद करणारे हात थांबले की सारे थांबते, हे तेव्हा उमगले.

१०/१४
दुसरा प्रवाह सिलिकॉनचा. रिचर्ड सोरेफ आणि ब्रायन बेनेट यांनी १९८७ मध्ये सिलिकॉनमधील प्रकाशाला विजेने वळण देण्याचे गणित मांडले. संगणकाच्या चिपा घडवणाऱ्या कारखान्यातच प्रकाशाच्या चिपा घडवण्याची आशा त्यातून बळावली. परंतु सिलिकॉन स्वतः नीट प्रकाश देत नाही. लेसर बाहेरून आणून जोडावा लागतो. शिवाय त्यातील प्रकाशवाट अर्ध्या मायक्रॉनहून अरुंद. जुन्या कोड्यावर नवे कोडे चढले.

११/१४
उत्तर शोधणाऱ्यांत कॅलिफोर्नियाची लक्स्टेरा अग्रेसर होती. तिने चिपच्या पृष्ठभागावर सूक्ष्म रेषांची जाळी कोरली. ती आडव्या वाटेतील प्रकाश वर वळवते आणि त्याचा ठिपका तंतूच्या गाभ्याएवढा रुंद करते. त्यामुळे सिलिकॉनची चकती कापण्यापूर्वीच प्रत्येक चिप तपासता येऊ लागली. सदोष चिपेवर डबीचा खर्च वाचला. २००७ मध्ये तिची प्रकाशीय केबल बाजारात आली आणि २०१९ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली.

१२/१४
दुसरी युक्ती सिलिकॉनच्या स्फटिकातच दडलेली होती. योग्य रसायनात तो ५४.७ अंशांच्या उतारानेच झिजतो आणि व्ही आकाराची अचूक खाच तयार होते. खाचेत तंतू ठेवला की तो आपोआप जागेवर बसतो. लेसर पेटवून शोधाशोध करण्याची गरज उरत नाही. लाखोंच्या संख्येने उत्पादन करायचे तर कुशल हाताची जागा अशा खाचेने घ्यावी लागते.

१३/१४
२०१७ मध्ये आयर्लंडमधील टिंडाल संस्थेच्या नेतृत्वाखाली ‘पिक्सॅप’ हा युरोपीय उपक्रम सुरू झाला. लहान कंपन्यांनाही फोटॉनिक चिपांचे पॅकेजिंग करून मिळावे, हा त्याचा हेतू. चिप बनवणे सुलभ झाले तरी तिला डबीत बसवणे अनेकांच्या आवाक्याबाहेर होते, याचीच ही कबुली. मार्च २०२५ मध्ये एनव्हिडियाने तर प्रकाशीय भाग थेट मुख्य चिपेशेजारी बसवलेली नेटवर्क उपकरणे जाहीर केली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची वीज वाचवण्याचा मार्गही आता डबीतूनच जातो.

१४/१४
छत्रपती संभाजीनगरात काचतंतू बनतात. आयआयटी मद्रासमध्ये फोटॉनिक चिपांचे केंद्र उभे आहे आणि बेंगळुरूची इझ्मो मायक्रोसिस्टम्स पॅकेजिंगमध्ये त्याची सहभागी आहे. तंतू आहे, चिपेचे ज्ञान आहे. पण फोटॉनिक उपकरणाच्या किमतीचा मोठा हिस्सा, अनेकदा निम्म्याहून अधिक, जुळणी, डबी आणि तपासणी यांचा असतो. ज्याच्याकडे हा अखेरचा टप्पा, त्याच्या हाती पुरवठ्याची किल्ली. डोंगरातले लोह असो की चिपेतला प्रकाश, मोल ठरते ते शेवटचा सांधा जोडणाऱ्याच्या दारात.