वन्समोर नसलेले गाणे

जुन्या आणि सर्वमान्य कलावंताची नवी कृती आली की रसिकांत तट पडतात. २ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘बीटल्स’ या ब्रिटिश रॉक चमूचे ‘नाऊ अँड देन’ हे गाणे प्रसिद्ध झाले, तेव्हा चौघांपैकी जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन हयात नव्हते. लेननने सत्तरच्या दशकात घरी पियानोवर गाऊन ध्वनिफितीत नोंदवलेला आवाज संगणकाच्या साहाय्याने वेगळा काढण्यात आला, हॅरिसनने १९९५ साली वाजवलेली गिटार त्याला जोडण्यात आली आणि उरलेल्या दोघांनी गाणे पुरे केले. काहींचे डोळे पाणावले, काहींना त्यात यंत्राचा वास आला. मूळ ध्वनिफीत ज्यांच्या कानांत मुरली होती त्यांनी तिच्यातला एक भाग गाळल्याची तक्रार केली. ही शेवटची तक्रार मला सर्वांत बोलकी वाटते. या श्रोत्यांच्या मनात ते गाणे आधीच पुरे झालेले होते. बाजारात आलेले गाणे त्यांच्या लेखी त्या मनातल्या गाण्याची सदोष प्रत होते.

मराठी रसिकतेच्या इतिहासात अशा दुभंगाचे ठळक उदाहरण शोधायचे तर १९३५ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी प्रभात फिल्म कंपनीचा ‘धर्मात्मा’ हा चित्रपट आला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, संगीत मास्टर कृष्णरावांचे आणि संत एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. नारायण श्रीपाद राजहंस या नटाचे वय तेव्हा ४७ होते. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाल्यापासून तीस वर्षे महाराष्ट्राने त्यांना शकुंतला, भामिनी, रुक्मिणी, सिंधू या रूपांत पाहिले होते. आता पडद्यावर तेच गंधर्व पुरुषवेषात, संसारी संताच्या भूमिकेत उभे राहिले, आणि त्यांच्या भक्तांपैकी पुष्कळांना ते सोसले नाही.

हा प्रसंग आपल्याकडे सहसा एका वाक्यात सांगून संपवला जातो: प्रेक्षकांनी बालगंधर्वांना पुरुष म्हणून स्वीकारले नाही. हे वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. त्यात ‘प्रेक्षक’ नावाचा एकजिनसी समूह गृहीत धरलेला आहे. १९३५ च्या सुमारास तसा समूह उरला नव्हता. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. त्यात ज्योत्स्नाबाई भोळे यांच्यासारख्या स्त्रिया स्त्रीभूमिकांत होत्या आणि पदांची संख्या व लांबी जाणीवपूर्वक आटोक्यात ठेवली होती. या नव्या अभिरुचीच्या माणसांना गंधर्वांनी पदर उतरवणे हे फार तर उशिरा सुचलेले शहाणपण वाटले असणार. बोलपटाच्या वेगाला सरावलेल्या तरुणांसाठी गंधर्व हे वडिलांच्या तोंडून ऐकलेले नाव होते. आणि तिसरा वर्ग होता तो खऱ्या गंधर्ववेड्यांचा. दुखावला गेला तो हा वर्ग.

या दुखावण्याचे कारण नुसत्या वेषात शोधले तर फसगत होते. याचा पडताळा पुढच्या दोन वर्षांत आला. प्रभातशी असलेला संबंध या एकाच चित्रपटानंतर संपला आणि १९३७ साली बाबूराव पेंटर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘साध्वी मीराबाई’ पडद्यावर आला. त्यात बालगंधर्व पुन्हा स्त्रीवेषात होते. भक्तांनी जे मागितले होते ते त्यांना शब्दशः मिळाले, आणि तरीही तो चित्रपट चालला नाही. म्हणजे हरवले होते ते लुगडे नव्हे. हरवले होते ते काही वेगळेच.

ते काय असावे, याचे उत्तर नाटकगृहातील एका प्रथेत दडलेले आहे. ती प्रथा म्हणजे वन्समोर. संगीत नाटकाच्या छापील संहितेत पद चार-सहा ओळींचे असते. प्रयोगात त्याचे आयुष्य किती, हे नट आणि प्रेक्षक मिळून ठरवत. एखादी जागा भिडली की टाळ्या पडत, मागणी येई आणि गंधर्व ते पद पुन्हा घेत. पुन्हा घेतलेले पद पहिल्यासारखे नसे. त्यात नवी तान, नवा मुखडा, शब्दावर नवा जोर येई. अहमदजान थिरकवांचा तबला आणि ऑर्गनचा भरणा त्याला साथीला असे. नाटके रात्रभर चालत याचे कारण संहितेची लांबी नव्हती, ही देवघेव होती. अशा रीतीने ‘स्वयंवर’ (१९१६) मधले पद एका अर्थी भास्करबुवा बखल्यांच्या चालीचे, गंधर्वांच्या गळ्याचे आणि समोर बसलेल्या हजार माणसांचे असे. आपण हे गाणे घडवले आहे, ही जाणीव श्रोता घरी घेऊन जाई.

ग्रामोफोनच्या तबकडीने या व्यवहाराला पहिला धक्का दिला. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. गाणे तेवढ्यात बसवायचे आणि ते कायमचे तसेच राहायचे. पण तबकडी ही नाटकाची आठवण म्हणून घरात येई. तिच्यामागे प्रयोग जिवंत होता, म्हणून ती खपून गेली. चित्रपटाने मात्र प्रयोगाचीच जागा घेतली. पडद्यावरचा नट मागणी ऐकू शकत नाही. कॅमेऱ्यासमोर गाणाऱ्या गंधर्वांनाही समोर माणूस दिसत नव्हता, आणि श्रोत्यांवाचून गाणे त्यांना जड गेले, हे त्यांच्या चरित्रातून वारंवार आलेले आहे. दोन्ही बाजूंचा तोटा एकच होता. वन्समोर गेला आणि त्याबरोबर रसिकाचा गाण्यातला वाटा गेला. पुढे या वाट्याच्या शोकालाच ‘गंधर्व पुरुषवेषात शोभले नाहीत’ असे सोपे नाव मिळाले, असे मला वाटते.

येथवर भक्तांची बाजू झाली आणि ती सहानुभूतीने समजून घेतली पाहिजे. परंतु प्रश्न येथे संपत नाही. कृती आवडली की नाही, हा प्रतिसादाचा एक भाग झाला. ती काय म्हणत होती, हे कोणी ऐकले का? ‘धर्मात्मा’चा विषय अस्पृश्यता हा होता. अस्पृश्याच्या घरी जेवायला जाणारा आणि त्यापायी ब्रह्मवृंदाचा रोष ओढवून घेणारा एकनाथ त्याचा नायक होता. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ असे होते. गांधीजींच्या हरिजन चळवळीशी त्याचे नाते सरकारी परिनिरीक्षकांना खुपले आणि नाव बदलावे लागले. गंमत अशी की, कलाकृतीचा आशय गंभीरपणे घेणाऱ्यांत परिनिरीक्षक आघाडीवर होते.

त्या वर्षी हा विषय पोथीतला नव्हता. तळीये, पोलादपूर या डोंगरी मुलखाची बाजारपेठ असलेल्या महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले होते. २५ डिसेंबरला तेथेच मनुस्मृतीचे दहन झाले. सवर्णांनी तळ्याच्या मालकीचा दावा लावला. ‘धर्मात्मा’ आला तेव्हाही हा वाद कोर्टातच होता. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली होती. पाणी आणि पंगत या दोन्ही गोष्टी त्या वर्षी महाराष्ट्रात पेटलेल्या होत्या.

मौज म्हणजे या रसिकवर्गाला हा विषय गंधर्वांच्या गळ्यातून नवा नव्हता. ‘कान्होपात्रा’ (१९३१) या नाटकात ते चोखामेळ्याचा अभंग म्हणत. धन्याच्या दारी उष्टे मागायला आलेल्या भुकेल्या महाराचे शब्द, अत्यंत आर्त स्वरात. त्या अभंगाने सभागृहे विरघळत आणि तो आजही ऐकला जातो. परंतु तेथे सूर इतका गोड होता की शब्दांचा काच कोणाला लागत नसे. ‘धर्मात्मा’त गोडवा उणावला होता. तेव्हा तरी शब्द ऐकू यायला हवे होते. रसिक मात्र हरवलेल्या गोडव्याचाच हिशेब मांडत राहिले.

चित्रपटाचे शब्द ज्याने ऐकले असा एक वाचक आपल्याला नावानिशी ठाऊक आहे. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे आंबेडकरांचे भाषण १९३६ साली छापले गेले. त्यावर गांधीजींनी घेतलेल्या आक्षेपांना दिलेले उत्तर त्यांनी पुढच्या आवृत्तीत जोडले. त्या उत्तरात ‘धर्मात्मा’चा नावाने उल्लेख आहे. अस्पृश्यांना शिवण्याचे आणि त्यांच्याबरोबर जेवण्याचे धैर्य दाखवणारा नायक म्हणून एकनाथ सध्या या चित्रपटात झळकत आहेत, हे सांगून आंबेडकर त्याला हरकत घेतात. त्यांच्या मते एकनाथांचा जातीला वा अस्पृश्यतेला विरोध नव्हता. असा विटाळ गंगास्नानाने धुतला जातो, ही त्यांची श्रद्धा होती. संतांनी माणसे देवापुढे समान मानली, परस्परांपुढे नव्हे, हा त्यांचा व्यापक युक्तिवाद सर्वश्रुत आहे.

हे मत सर्वांनी मान्य करावे असे नाही. एकनाथांची भारुडे वाचणारा अभ्यासक त्यांच्याशी वाद घालू शकेल, आणि घालावा. पण या अभिप्रायात बालगंधर्वांचे नावही नाही. गळा नाही, वेष नाही, मागचे दिवस नाहीत. आंबेडकरांना त्या नटाच्या संदर्भात जपायची अशी एकही आठवण नव्हती, म्हणून ते थेट विषयाशी भिडले. चित्रपटाला मिळालेला सर्वांत कठोर प्रतिसाद हाच, आणि चित्रपटाला काही म्हणायचे आहे असे मानणाराही हाच. भक्तांचा रोष प्रेमातून आला होता, तरी त्याने कृतीला मुकी ठरवले.

आपल्या वर्गांतून प्रतिसादाचा इतिहास शिकवताना आपण आवड-नावडीचे तक्ते मांडतो. ‘संमिश्र स्वागत’ हा शब्दप्रयोग तर आपल्या लेखणीच्या टोकावरच असतो. ‘धर्मात्मा’च्या बाबतीत हे मिश्रण नेमके कशाकशाचे होते, हे पाहिले तर दोन अगदी भिन्न गोष्टी हाती येतात. एक, आपला वाटा गेल्याचे दुःख. दुसरी, आपल्या वाट्याला कधीच काही न आलेल्यांचा प्रश्न. पहिल्याची नोंद आपण आठवणींच्या पुस्तकांत, मैफलींच्या गप्पांत, कौतुकाने ठेवली. दुसऱ्याची नोंद चित्रपटाच्या इतिहासात क्वचितच घेतली गेली. ती शोधायला जातिनिर्मूलनाच्या ग्रंथाची पाने उलटावी लागतात.

जुन्या कलावंताचे नवे गाणे ऐकताना आपल्या कानांत जुने गाणे वाजत असते, त्याला इलाज नाही. लेननच्या फितीतला गाळलेला भाग आठवणाऱ्यांची तक्रारही खरीच आहे. मात्र ती नोंदवून झाल्यावर, वन्समोरची आशा सोडून, एकदा तरी समोरचे गाणे ऐकावे लागते. १९३५ साली आपल्यापैकी बहुतेकांनी ते केले नाही. ज्याने केले तो नाटकगृहात मागणी करणाऱ्यांपैकी नव्हता. आठ वर्षांपूर्वी तो महाडच्या तळ्याच्या पायऱ्या उतरला होता.