होई आन : पाहुण्यांचे बिऱ्हाड

श्रोतेहो, गेल्या वर्षी आमचे एक सहकारी व्हिएतनामच्या सहलीला निघाले. निघण्यापूर्वी त्यांना एकच घोर लागला होता : होई आन या जुन्या बंदरात उतरायचे कुठे? पेठेत, नदीकाठी, की समुद्राच्या वाळूवर? मी म्हटले, "अहो, या गावात हा प्रश्न चारशे वर्षे विचारला जातो आहे. तुम्हाला तीन रात्री काढायच्या; पूर्वीच्या पाहुण्याला चार-सहा महिने काढावे लागत." त्या पूर्वीच्या पाहुण्याचीच हकीगत आज सांगतो.

व्हिएतनामच्या मधल्या भागात थु बोन नदी समुद्राला मिळते. मुखापासून थोडे आत, नदीच्या काठी होई आन वसले आहे. युरोपीय खलाशी त्याला फैफो म्हणत. १५५८ मध्ये न्गुयेन होआंग हा सरदार दक्षिणेकडे आला आणि त्याच्या घराण्याने या मुलखात आपले राज्य उभे केले. उत्तरेतल्या प्रतिस्पर्ध्यांशी टक्कर द्यायची तर पैसा हवा, शस्त्रे हवीत. ती समुद्रावरूनच येणार. म्हणून त्यांनी परदेशी व्यापाऱ्याला दार उघडे ठेवले.

पण गलबत काही माणसाच्या मर्जीने चालत नाही. हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की चीन-जपानची गलबते खाली येत. परतायला नैर्ऋत्येचा वारा हवा, आणि तो उन्हाळ्यात. वाऱ्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे आपल्या कोकणातल्या नाखव्याला सांगायला नको! तोवर रेशीम, मिरी, साखर, अगरू यांची खरेदी चाले. मालाला वखार हवी, माणसाला छप्पर हवे. आणि कुठे राहायचे, हे खिशावरून ठरत नसे; ते भाषेवरून ठरत असे.

ख्रिस्तोफोरो बोर्री नावाचा इटालियन जेझुइट पाद्री १६१८ च्या सुमारास या मुलखात आला आणि काही वर्षे राहिला. तो लिहितो की फैफोची जणू दोन गावे आहेत, एक चिन्यांचे, दुसरे जपान्यांचे. दोघांचे मुखिये वेगळे, दोघेही आपापल्या कायद्याने राहतात. म्हणजे राजाने परक्याला नुसती जागा दिली नाही. त्याची रीतभातही त्याच्यापाशी राहू दिली.

पुढे १६३५ मध्ये जपानच्या शासकांनी फर्मान काढले : जपानी माणसाने परदेशी जायचे नाही, आणि गेलेल्याने परत यायचे नाही. क्षणभर विचार करा. वारा अनुकूल होईपर्यंत म्हणून मांडलेले बिऱ्हाड एका फर्मानाने जन्माचे झाले! १६९५ मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा थॉमस बावयर इथे आला, तेव्हा नदीकाठच्या पेठेत सुमारे शंभर घरे होती. त्यांत जपानी कुटुंबे उरली होती चार-पाच. बाकीचे चिनी.

चिनी लोकांचीही एक कहाणी आहे. १६४४ मध्ये मिंग घराणे कोसळले आणि नव्या राजवटीला न मानणारे अनेक जण इथेच स्थायिक झाले. त्यांनी प्रांताप्रांताची सभागृहे बांधली : फुकिएनवाल्यांचे एक, कँटनवाल्यांचे दुसरे. त्यांत देवघर असे, बैठक असे, तंटे मिटत, आणि नव्याने उतरलेल्या गाववाल्याला आधार मिळे. आपल्याकडे परगावी गेलेला माणूस आधी गाववाल्याचे घर शोधतो ना, तसेच हे.

त्यांची घरेही पाहण्यासारखी. अरुंद आणि लांबलचक. पुढले तोंड पेठेवर, तिथे दुकान. मध्ये उजेडासाठी चौक. मागचे दार नदीवर, तिथून माल चढवायचा-उतरवायचा. नदीला पूर आला की माळ्याच्या झरोक्यातून माल दोराने वर ओढून घ्यायचा. काही घरांच्या भिंतींवर पुराच्या खुणा आणि साल लिहून ठेवलेले आहे.

सगळेच गोड होते असे मात्र समजू नका. १८५१ मध्ये हैनान बेटाच्या १०८ व्यापाऱ्यांना सरकारी आरमाराच्या लोकांनी चाचे ठरवून ठार मारले. पुढे ते निर्दोष असल्याचे सिद्ध झाले, आणि हैनानवाल्यांच्या सभागृहात आजही त्यांची पूजा होते. परक्याला आसरा देणारे राज्य परक्यावर संशयही घेऊ शकते, हेही त्या गावाने जपून ठेवले आहे.

नंतर नदी गाळाने भरत गेली. मोठ्या जहाजांनी डा नांग गाठले आणि होई आन मागे पडले. मागे पडले म्हणूनच जुन्या पेठा वाचल्या, असेही म्हणता येईल. १९९९ मध्ये युनेस्कोने गावाची नोंद जागतिक वारशात केली, आणि पाहुणे पुन्हा येऊ लागले.

गावात जपान्यांच्या नावाने ओळखला जाणारा एक छपराचा पूल आहे. १७१९ मध्ये न्गुयेन फुक चू या राजाने त्याला नाव दिले, त्याचा अर्थ "दूरहून आलेल्यांचा पूल". नाव दिले तेव्हा जपानी जवळजवळ उरलेच नव्हते. आणि गावाबाहेर भातखाचरात तानी याजिरोबेई या जपानी व्यापाऱ्याची समाधी आहे, १६४७ ची. तिचे तोंड ईशान्येला, जपानकडे आहे. भोवती पिढ्यान्‌पिढ्या भाताची लावणी-कापणी होत आली. समाधी मात्र जागच्या जागी आहे.

आमचे सहकारी अखेर जुन्या पेठेजवळ उतरले. परत आल्यावर म्हणाले, "खोली विसरलो बघा, पण ते शेत विसरलो नाही."