सीताफळाचें मूळ गांव

आश्विन-कार्तिकांत गोदाकांठच्या पैठणांत सीताफळांच्या पाट्या दिसूं लागतात. नदीपलीकडील बीड जिल्ह्याच्या सीताफळास तर २०१६ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. नांवांत सीता, जोडीला रामफळ. तेव्हां हें फळ पुराणकाळापासून आपलेंच, असें कोणासहि वाटावें. परंतु इतिहास नांवावर भुलत नाहीं. तो पुरावा मागतो.

सातवाहनांच्या प्रतिष्ठानांत, म्हणजे याच पैठणांत, दोन हजार वर्षांपूर्वीं हें फळ ठाऊक होतें काय? अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत सीताफळासारखें एक फळ आहे, हें सर जॉर्ज बर्डवुड यांनीं १८७४ सालीं दाखविलें. भारहुत व मथुरा येथील शिल्पांतहि जनरल कनिंगहॅम यांनीं तेंच फळ ओळखलें. शिवाय रानोमाळ आपोआप वाढलेलीं सीताफळाचीं झाडें त्यांनीं पाहिलीं होतीं. त्यावरून हें फळ मूळचें येथलेंच, असा त्यांचा निश्चय झाला.

आतां दुसरी बाजू ऐका. वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांनीं कौल दिला तो अमेरिकेस. या झाडाच्या कुळाचें 'अनोना' हें नांव वेस्ट इंडीज बेटांतून आलेलें. बाबरानें हिंदुस्थानांतील फळें वर्णिलीं. गोव्यांत राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता यानें १५६३ सालीं येथील वनस्पतींवर ग्रंथ छापला. दोघांतहि सीताफळ नाहीं. 'ऐन-इ-अकबरी'च्या इंग्रजी भाषांतरांत तें येतें खरें, पण मूळ शब्द आहे 'सदाफळ'! रानांतील झाडांचेंहि कोडें अवघड नाहीं. पानें कडू, त्यांस शेळीहि तोंड लावीत नाहीं. अशा झाडानें तीनशें वर्षांत डोंगर व्यापले, तर नवल तें काय?

तरी वाद मिटलेला नाहीं. मिर्झापूर जिल्ह्यांतील टोकवा येथील उत्खननांत सीताफळाचें जळून कोळसा झालेलें बीं मिळाल्याचें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. तें कोलंबसाच्या फार पूर्वीचें, असें त्या संशोधकांचें म्हणणें. बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मात्र अजून अमेरिकेसच या फळाचें माहेर मानतात. चित्र केवळ सारखें दिसतें. बीं साक्ष देतें. म्हणून अशीं आणखी बीं हातीं येईपर्यंत घाईचा निवाडा बरा नव्हे.

आणि फळ परदेशचें ठरलें म्हणून बिघडलें काय? रोजची मिरची, एकादशीस चालणारा बटाटा, हींहि अमेरिकेचींच लेंकरें. ज्या पैठणचा माल एके काळीं गाड्यांतून भडोचच्या बंदरास जाई, त्या मुलुखानें दूरच्या पाहुण्यास सीतेचें नांव देऊन घरांत घेतलें असेल, तर त्यांत कमीपणा नाहीं, शोभाच आहे.