चार सेकंदांची दरी

पहाटेचे सहा. चंदनापुरी घाटाच्या माथ्यावर सायकल टेकवून तुम्ही उभे आहात. श्रावणातलं धुकं, नाशिककडे उतरणाऱ्या ट्रकांचा गुरगुराट, हातात टपरीवरचा कटिंग. खाली कुठेतरी संगमनेर आहे, पण दिसत नाही. चहा संपवा आणि डोळे मिटा.

उघडलेत तेव्हा तारीख आहे 15 ऑगस्ट 2024. नगरला झेंडावंदन होऊन जिलेबी संपलीसुद्धा. तुम्ही मात्र फ्रान्सच्या ईशान्य कोपऱ्यात, आम्नेव्हिल गावाच्या अलीकडे सहा किलोमीटरवर, रस्त्याच्या कडेला उभे आहात. महिलांच्या टूर द फ्रान्सचा आठपैकी पाचवा टप्पा. बेल्जियमच्या बास्तोन्यहून निघालेला जथा दीडशे किलोमीटर तुडवून येतोय. आधी हेलिकॉप्टर ऐकू येतं, मग मोटारसायकली, मग चेनचा एकसुरी सर्रर्र आवाज. तो मध्येच तुटतो. कार्बन मोडल्याचा कडकडाट, एक किंकाळी, आणि रस्त्यावर बायकांचा ढीग. त्या ढिगात आघाडीवर असणारीची पिवळी जर्सी आहे.

ती डेमी व्होलरिंग, 2023 ची विजेती. कंबर धरून बसलीय. आता तुम्ही नियम आठवताय: सपाट टप्प्यात शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये पडलं तर वेळ कापली जात नाही. ही जागा त्याच्या बाहेर आहे. ती उठते, सायकलवर बसते, आणि तुमची नजर तिच्या संघाच्या जर्सी शोधायला लागते. एका संघात सात जणी असतात, पुढाऱ्याला परत आणायला यातल्या दोघी-तिघींनी मागे थांबायचं असतं. पण तिच्या एसडी वर्क्स संघाच्या ताकदीच्या बायका पुढच्या घोळक्यात आहेत. शर्यत पुढे पळते. टप्पा जिंकते ब्लांका वाश, डेमीच्याच संघातली. डेमी 1 मिनिट 47 सेकंद गमावून पोहोचते, आणि पिवळी जर्सी कॅन्यन-स्रॅम संघाच्या पोलिश कासिया नेव्यादोमाकडे जाते. एका संघाने त्याच दिवशी टप्पा जिंकला आणि शर्यत गमावली. कुणाला काय कळलं, कुणाला काय नाही, यावर नंतर पुष्कळ बोललं गेलं. मला एवढंच दिसतं की त्या संध्याकाळी त्या जर्सीसाठी जिवाच्या आकांताने मागे वळलं गेलं नाही.

इथेच राहिलात तर वाटेल, शर्यत अपघाताने ठरली. म्हणून पुढे चला. पण जाताना नकाशा नीट बघा, कारण खरी कारागिरी त्यात आहे. शर्यतीच्या संचालक मारिऑन रूस, स्वतः माजी सायकलपटू. 2023 मध्ये शेवटच्या दिवशी घड्याळाविरुद्धची शर्यत होती, पो शहरात, बावीस किलोमीटरच्या वर. यंदा तीच गोष्ट तिसऱ्या टप्प्याला, रॉटरडॅममध्ये, फक्त 6.3 किलोमीटर. इतक्या लहान अंतरात सगळ्यांत वेगवान बाईलाही मिनिटं मिळत नाहीत, सेकंदच मिळतात. आधी हॉलंडची सपाटी, मग आर्देनची टेकाडं, ज्युराचे चढ आणि सगळ्यात शेवटी, एकाच दिवसात, दोन अजस्र डोंगर. सेकंद हळूहळू साठवायचे आणि हिशोब शेवटच्या संध्याकाळी चुकता करायचा, अशी ही आखणी.

18 ऑगस्ट. उद्या राखीपौर्णिमा. ल ग्राँ-बोर्नांहून निघालेला 149.9 किलोमीटरचा टप्पा, आणि तुम्ही ग्लाँडाँच्या चढावर आहात. हा चढ 19.7 किलोमीटरचा, सरासरी 7.2 टक्के. माथा 1924 मीटरवर. आपलं कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे इथली खिंडच कळसूबाईच्या डोक्यावरून जाते. शेवटाला साधारण 53 किलोमीटर असताना डेमी सॅडलवरून उठते. मागे फिरून बघत नाही. तिच्या चाकाला फक्त एकच बाई चिकटते: पाउलिना रोयाकर्स. पिवळ्या जर्सीतली कासिया मागे सुटते, आणि तुमच्या पोटात गोळा येतो. डेमी सकाळी 1 मिनिट 15 सेकंदांनी मागे होती. चढावर ही पिछाडी भरून निघेल, हे तुम्हाला दिसतंय.

आता उतार. आणि मग ती जागा, जिच्यासाठी मी तुम्हाला इथवर आणलं. ग्लाँडाँचा उतार संपतो आणि आल्प द्युएझचा चढ सुरू व्हायच्या आत सुमारे दहा किलोमीटरची सपाट दरी आहे. टीव्हीवर हा भाग कंटाळवाणा असतो. तुम्ही नगरकर आहात. सुप्याच्या बाजूला पवनचक्क्या का उभ्या केल्या, हे तुम्हाला सांगावं लागत नाही. अंगावर येणारा वारा एकट्याने फोडणं काय असतं, हे ज्याने रिकाम्या माळावर सायकल हाणलीय त्याला ठाऊक आहे. पुढच्याच्या चाकामागे बसलं की ताकद पाव ते तिसरा हिस्सा वाचते. डेमीला इथे साथीदार हवा. सोबत रोयाकर्स आहे, पण ती दुसऱ्या संघाची आणि एकूण वेळेत डेमीच्या जवळजवळ बरोबरीने मागे. स्वतःला जिंकायचंय तिलाही. तिने डेमीचा वारा का फोडावा?

मागे वेगळंच चाललंय. कासियाच्या घोळक्यात लिडल-ट्रेकची गाया रेआलिनी आहे, आणि रेआलिनीसाठी तिची जोडीदार लुसिंडा ब्रँड पुढे येऊन दरीभर वारा फोडतेय. ब्रँड कासियासाठी एक पायडलही मारत नाही. पण कासिया तिच्या सावलीत आहे. परक्या संघाच्या हमालीवर आपलं सामान पुढे जातं, ते असं. स्वतःच्या सात जणींवर भागत नाही, शेजारच्या संघाला काय हवं आहे तेही वाचावं लागतं. शर्यतीतली अर्धी अक्कल यातच आहे.

बूर द्वाझाँ. इथली उंची नगर शहराहून थोडीशीच जास्त, सातशेच्या आसपास. पुढच्या 13.8 किलोमीटरमध्ये तुम्हाला कळसूबाईच्या माथ्याच्याही दोनशे मीटर वर जायचंय. एकवीस वळणं, खालून वर मोजायची: 21, 20, 19. सातव्या वळणावर डच लोकांचा नारिंगी समुद्र. डेमी डच, त्यामुळे तिथला आवाज छातीत बसतो. ती पुढे ओढतेय, रोयाकर्स चाकामागे. मागे कासियाच्या चेहऱ्यावर वेदना लपत नाही. गणित साधं आहे: टप्पा जिंकणारीला 10 सेकंदांचा बोनस. म्हणजे कासियाने 1 मिनिट 5 सेकंदांच्या आत पोहोचलं पाहिजे.

माथ्यावर डेमी रोयाकर्सला मागे टाकून टप्पा घेते. तुम्ही घड्याळ बघता. एव्हिता म्यूझिक येते, तिसरी. मग कासिया, रस्त्यावर कोसळायच्या बेतात. 1 मिनिट 1 सेकंद.

चार सेकंदांनी. 1989 मध्ये पुरुषांच्या टूरमध्ये ग्रेग लेमाँडने लॉराँ फिन्याँला आठ सेकंदांनी हरवलं, त्याच्या निम्म्याने. आणि ही शर्यत आधीची दोन वर्षं तिसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या कासियाची झाली.

आता डोळे मिटा आणि परत चंदनापुरीला या. चहाचा कप अजून कोमट आहे, धुकं विरलंय. खाली संगमनेर, पुढे प्रवरेच्या काठाने अकोल्यापर्यंत वीस-बावीस किलोमीटरची सपाटी, मग विठा घाट, राजूर, आणि भंडारदऱ्याला शेंडी. उतार, दरी, चढ. आल्प्सची ही छोटी नक्कल इथे आयती पडलेली आहे. जानेवारी 2026 मध्ये पुण्याला टप्प्यांची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, पुरुषांची. नगर जिल्ह्याच्या प्रणिता सोमणने राष्ट्रीय माउंटन बाइक स्पर्धांत पदकं आणली आहेत, म्हणजे रस्ता आहे आणि पायही आहेत.

राज्यात महिलांची शर्यत आखणाऱ्यांनो, हा रस्ता घ्या. आणि ‘टीव्हीवर काही दिसत नाही’ म्हणून ती प्रवरेकाठची सपाटी मात्र कापू नका.