पोलीस अ‍ॅक्शन की मुक्तिसंग्राम? परभणीचा १९४८ चा इतिहास

१९४८ साली परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हिंगोलीही तेव्हा याच जिल्ह्यात होती. १३ सप्टेंबरला भारतीय लष्कर संस्थानात शिरलं आणि १७ तारखेला निजामाने माघार घेतली.

नावाचा वाद : कारवाई लष्कराची होती, तरी सरकारने तिला ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हटलं. शाळेत आम्ही १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. घरी आपले बुजुर्ग मात्र ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणतात आणि गप्प होतात.

रझाकार : कासिम रझवीच्या या संघटनेने जुलूम केले, हे नाकारता येत नाही. पण रझाकार म्हणजे सगळे मुसलमान नव्हेत. भारतात विलीन व्हा, असं लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाह खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनीच खून केला.

त्यानंतरची हिंसा : केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मुसलमान मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेडला बसली. मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद अहवालात आहे. तो अनेक दशकं लोकांसमोर आला नाही.

कसं लिहावं : मुक्तीचा आनंद खरा, रझाकारांचा जुलूम खरा आणि त्यानंतरची कत्तलही खरी. एक लिहिताना दुसरं खोडू नये. संस्थानभराचे आकडे परभणीच्या नावावर टाकू नयेत. नाना-नानी, दादा-दादी हयात असतील तर गावाच्या नावासह त्यांची आठवण आजच वहीत उतरवून घ्या.